फावडं घेऊन या

"चेतनाबाई, तुमची सासू फोनमधून खोटं बोलून राह्यली!"

दुलीचंद दारातच उभा राहून ओरडला. गुडघ्यापर्यंत माती, खांद्यावर फावडं आणि चेहऱ्यावर असा राग की आत येऊन बसावं हेही त्याला सुचत नव्हतं. चेतना कापगते तेव्हा प्रिंटरच्या तोंडात अडकलेला कुणाचा तरी सातबारा ओढून काढत होती. नवेगाव बांधच्या अलीकडच्या त्या गावात कॉम्प्युटरचं दुकान काय ते चेतनाचंच. सकाळपासून कंटाळून बसलेल्या गिऱ्हाइकांना दुलीचंदच्या या वाक्यानं एकदम तरतरी आली.

"बसा ना भाऊ. झालं काय?"

"बसू कायले? सकायी फोन आला. 'दुलीचंदभाऊ, नंबर आला, पानी सोडलं, बांधी फोडा.' गेलो फावडा घेऊन. पाटात बेंडकाचे पाय ओले होईन इतकं बी पानी नाई!"

"तलाव खाली गेला आहे भाऊ."

"काऊन गेला खाली? मांगं पानी पडला तवा वरच्यायच्या बांध्या भरूनच होत्या. तरी तुमचा फोन त्यायलेच नंबर देत राह्यला आन मनिरामभाऊ तुडुम उघडत राह्यला. सारं पानी नाल्यात गेलं. आता धान निसवून राह्यलं, तं माह्या बांधीत भेगा." त्याचा आवाज जरा उतरला. "नाल्यापलीकडच्या गावात पाऊस आला का फोन सोताच नंबर थांबवते. तो बी तुमचाच आहे म्हनतेत. मंग त्यायच्या फोनले समजते, आपल्या फोनले काऊन नाई समजत?"

या प्रश्नाचं उत्तर चेतनाजवळ होतं, पण ते दुलीचंदला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं कागद जोरात ओढला. सातबारा मधोमध फाटला.

आता ही भानगड नीट सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

गावचा तलाव जुना, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात खाली पाणी सोडायचं तोंड आहे, त्याला म्हणायचं तुडुम. ते उघडायचं आणि कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी द्यायचं ते बघायचं काम पाणकराचं. चेतनाचा सासरा मनिराम हा गावचा पाणकर. माणूस तोलूनमापून वागणारा, पण आवाज असा की अंगणात बोललेलं ओसरीवर ऐकू येऊ नये. त्यामुळे तुडुम उघडायचं मनिरामनं आणि पाळीवर चढून हाक द्यायची त्याच्या बायकोनं, असं त्यांचं ठरून गेलं होतं. पुष्पाबाईंनी पदर खोचून "दुलीचंदभाऊऽऽ, नंबर आलाऽऽ" अशी हाक दिली की शेवटच्या बांधीपर्यंत जायची. तिकडच्या माणसानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हवेत फिरवायचा. म्हणजे ऐकलं, आणि पाणीही पोचलं. तो दुपट्टा दिसेपर्यंत पुष्पाबाई पाळीवरून खाली उतरत नसत.

मग पुष्पाबाईंचा गुडघा गेला आणि घसाही बसायला लागला. चेतनानं गोंदियाला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. तिनं काय करावं, तर नंबरांची यादी कॉम्प्युटरला शिकवली आणि हाकेचं काम फोनवर टाकलं. आवाज मात्र सासूचाच. दुकानाचं शटर ओढून दोघी बसल्या. गावातलं एकेक नाव, "भाऊ", "बाई", "नंबर आला", "पानी सोडलं", "बांधी फोडा", सगळं पुष्पाबाईंनी सुटं सुटं बोलून दिलं. "इतक्या हळू बोलू त आयकू येईन का वो कोनाले?" म्हणत त्या माइकवर खेकसल्या, तेही त्यात भरलं गेलं आणि नंतर काढावं लागलं. पहिल्यांदा फोन गेले तेव्हा लोक उभं राहून "हो जी पुष्पाबाई" म्हणत फोनलाच उत्तर देत होते. चेतनानं प्रोग्रामचं नाव ठेवलं 'तुडुम'.

आपल्याला उपयोगी पडलं ते दुसऱ्या गावांनाही पडावं म्हणून तिनं तो इंटरनेटवर ठेवला. असं ठेवायचं तर सोबत परवाना जोडावा लागतो. आपण लिहिलेल्याचं दुसऱ्यानं काय करावं, काय करू नये, ते त्यात असतं. चेतनानं वाचून बघितलं. एक परवाना होता सैल. घ्या, बदला, विका, कुलूप लावून ठेवा, फक्त मूळ कुणाचं त्याचं नाव पुसू नका. दुसरा होता कॉपीलेफ्ट नावाचा. घ्या, बदला, विकासुद्धा, पण बदलून दुसऱ्याला द्याल तेव्हा तुमचा बदलही असाच उघडा ठेवा.

ते दिवस रोवणीचे होते. कापगत्यांची रोवणी आटोपली होती आणि उरलेले परे, म्हणजे धानाची रोपं, ज्याला कमी पडली तो येऊन उचलून नेत होता. उरलेल्या पऱ्यांना कुणी अट घालत नाही. परे देऊन वर "पिकलं की मला दाखव" म्हणणाऱ्याला गावात माणसांत धरत नाहीत. चेतना चिखलाच्या हातांनीच दुकानात आली होती. दुसरा परवाना वाचून तिला संकोच वाटला, दिल्यावर परत काय मागायचं! तिनं सैल परवाना लावला आणि विसरून गेली.

चूक म्हणावी तर ती ही. पण ती करायला रोवणीचे दिवस आणि कापगत्यांचं घरच हवं होतं.

वर्षभरात नागपूरच्या एका कंपनीनं 'तुडुम' उचलला. उचलणारा हेमेंद्र पटले. तो आमगावकडचा पोवार, गोंदियाला चेतनाच्याच वर्गात होता. कंपनीनं त्यात पावसाचा हिशेब घातला. पाऊस किती पडला, कुठल्या मातीत किती मुरला, कुणाचा नंबर किती पुढं ढकलायचा, असं सगळं. खर्च केला, जाणती माणसं लावली, पुष्पाबाईंचा आवाज काढून एका गुळगुळीत बाईचा घातला आणि बऱ्याच गावांत तो बसवून दिला. नाल्यापलीकडच्या गावातला फोन आता म्हणायचा, "प्रिय शेतकरी बंधू, पर्जन्यमानामुळे आपली पाणीपाळी स्थगित करण्यात येत आहे." लोकांना ते रेल्वे लेट असल्यासारखं वाटायचं, पण नंबर बरोबर थांबायचा. त्या ॲपच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, चेतना कापगते हे नाव होतं. परवान्यात जेवढं लिहिलं होतं तेवढं कंपनीनं तंतोतंत पाळलं होतं. भांडायला जागाच नव्हती.

दुलीचंद फावडं खांद्यावर टाकून गेला तेव्हा चेतनानं हेमेंद्रला फोन लावला.

चार-आठ दिवसांनी रायपूरकडे जाताना हेमेंद्र कोहमाऱ्याला थांबला. चेतनाचा नवरा धर्मेंद्र याचं तिथं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे. त्याच्या शेजारच्या ढाब्यावर दोघं बसले. धर्मेंद्र चहा सांगून एका पंक्चरकडे वळला.

"हेमेंद्र, मला तो पावसाचा भाग दे," चेतना सरळच म्हणाली.

"यार, तो माझा थोडीच आहे? कंपनीचा आहे."

"माझ्या प्रोग्रामवरच बसवला ना?"

"हो, बसवला. तूच म्हटलं होतंस ना, काही पण करा! देख चेतना, मला बी वाईट वाटते. पण ऑफिसात सगळे म्हणतील, लायसनमध्ये द्यायचं लिहिलं नाही तर कायले द्यायचं? आन ते खोटं बी नाही."

चेतनानं चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"दुलीचंदभाऊचं धान पोचट जाणार."

हेमेंद्रनं कप खाली ठेवला. शेतकऱ्याचाच पोरगा तो. मग पुढं वाकला.

"सुन. तुझं नवीन चालू आहे ना? इंटरनेट नसलं तरी साध्या सिमवर चालणारं? ते आम्हाला पाहिजे. जंगलाकडच्या गावांत नेटच नाही, आमचं ॲप तिथं मरते. तू ते पहिल्यासारखं सैल सोड. जिल्हाभर आम्ही नेतो. तुझं नाव वर येईल, मोठ्या अक्षरात. आन तुझ्या गावाला पावसाचा भाग मी बसवून देतो, जबान देतो."

"माझ्याच गावाला?"

"सध्या तुझ्याच."

"आणि बाकीच्या?"

"बाकीचे आमची सेवा घेतील ना. नाही तर कंपनी चालन कशी?"

"आणि मी दुसरा लावला तर? कॉपीलेफ्ट?"

हेमेंद्र हसला, पण कडू हसला. "तर आम्ही हात लावत नाही. आमचा वकील ते नाव ऐकूनच ताठ होतो. त्याला वाटते, एकदा ते घरात घेतलं का आपलं सगळं खुलं करावं लागन. मग तुझं ते नवीन तुझ्या दुकानातच राहीन. गुस्सा नको करू, पण तू पहिलं सैल सोडलं म्हणूनच ते इतक्या गावांत गेलं. बांधून ठेवलं असतं तर मी बी उचललं नसतं."

खरं होतं ते. हेमेंद्र खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. चेतना बसनं घरी येताना खिडकीतून बघत राहिली आणि तिला पहिल्यांदाच स्वतःच्या मोकळ्या हाताचा राग आला.

हिवाळाभर तिचं मन हो-नाही करत राहिलं. पावसाचा हिशेब आपणच लिहावा म्हणून तिनं दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी चार थेंब पडले की सगळे नंबर थांबायचे. दुसऱ्या वेळी धो-धो पावसातही थांबेनात. कंपनीनं माणसं लावून शेताशेतांत मोजलेलं होतं, ते हिच्या दुकानात बसून कुठून येणार? दुलीचंदच्या धानाचं व्हायचं तेच झालं. दुकानावरून जाताना तो मान वळवेनासा झाला. चेतनाला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या.

आणि मग ज्येष्ठात पाट उपसायचा दिवस आला.

गावचा रिवाज असा की पावसाळ्याआधी एक दिवस, ज्या ज्या घरी तलावाचं पाणी जातं त्या घरचं एक माणूस फावडं घेऊन येतं. पाटातला गाळ काढायचा, पाळीला माती द्यायची, तुडुमची तोंडं साफ करायची. त्या सकाळी सगळे जमले. फक्त गावातले मोठे शेतकरी केशोराव आले नव्हते. त्यांनी निरोप धाडला होता, यंदा मला जमत नाही, पाहिजे तर सगळ्यांच्या जेवणाचं माझ्याकडे.

मनिरामनं निरोप ऐकला. त्याचा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"जेवन आपल्या घरी आहे म्हना. फावडा घेऊन येजा म्हना."

"नाई आले त?" निरोप्यानं विचारलं.

"नाई आले त पानी भेटन. पान्याले कोनी नाई म्हनत का? पन नंबर शेवटी, दुलीचंदच्या बी मांगं."

दुपारी केशोराव आले. धोतर खोचलं, नातवाचं फावडं घेतलं आणि पाटात उतरले. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. पुष्पाबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि गाळाच्या टोपल्या पुढं सरकू लागल्या.

चेतनाच्या डोक्यावर टोपली होती, ती तशीच उभी राहिली. हाच गाव परे देताना अट घालत नाही आणि हाच गाव पाण्याला फावडं मागतो. त्यात कुणाला काही उलटं वाटत नाही. परे दिले की संपलं, ज्याच्या बांधीत लागले त्याचे झाले. तलाव तसा संपत नाही, तो दरवर्षी गाळानं भरतो आणि दरवर्षी उपसावा लागतो. घेणाऱ्यानं फावडं आणलं नाही तर दहा वर्षांनी कुणालाच पाणी नाही, फावडं न आणणाऱ्यालाही नाही. तिचा प्रोग्राम परे नव्हता. तिनं तलाव बांधला होता आणि पऱ्यांसारखा वाटून टाकला होता.

"का झालं वो? चक्कर आली का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"नाही आई. समजलं," चेतना म्हणाली आणि टोपली रिकामी करून आली.

संध्याकाळी अंगावरचा गाळ धुऊन तिनं 'तुडुम दोन' बाहेर काढला, कॉपीलेफ्ट लावून. त्यातही तिनं नेमका तो प्रकार निवडला ज्यात स्वतःच्या मशीनवर चालवून दुसऱ्याला नुसती सेवा दिली तरी बदल उघडे करावे लागतात, कारण कंपनी सेवाच विकत होती. पण सगळ्याला हा परवाना लावला नाही. सुटे शब्द जोडून वाक्य बोलायचा जो छोटा तुकडा होता, तो वेगळा काढला आणि पहिल्यासारखा सैल ठेवला. तो परेच होता. कुणीही न्यावा आणि कुठंही लावावा. जुना 'तुडुम' जसा दिला होता तसा दिलेलाच राहिला. दिलेलं परत घ्यायची सोय परवान्यातही नव्हती आणि कापगत्यांच्या घरातही नव्हती.

हेमेंद्रला तिनं स्वतः फोन करून सांगितलं.

"गई भैंस पानी में," तो म्हणाला. "सोच लेती यार. आता कोण घेईन हे?"

आणि खरोखर कुणी घेतलं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. चेतनाचं नाव मोठ्या अक्षरात येणार होतं, ते मुंगीएवढंच राहिलं. धर्मेंद्र तोंडावर काही म्हणाला नाही, पण ढाब्यावर चहा पिताना "आमच्या घरी एक गाडी आहे, फक्त आमच्याच अंगणात चालते," असं बोलला, ते तिच्यापर्यंत आलंच. त्या पावसाळ्यात नंबर थांबवायचं काम चेतना स्वतः करत होती. म्हणजे छतावर जायचं, हात बाहेर काढायचा, आणि खाली येऊन बटण दाबायचं. इतकं शिकून शेवटी छतावर उभं राहायचं, म्हणून तिला स्वतःचंच हसू यायचं.

भादव्यात एक दिवस सालेकशाकडून फोन आला.

"ताई, मी रिंकी बोलते. कचारगडच्या वाटेवर आमचं गाव. तुमचा तुडुम घेतला मी."

रिंकी गावच्या पाणी सोसायटीचं काम बघायची. तिच्या गावात नेटचं नाव नव्हतं, त्यामुळे साध्या सिमवर चालणारं तिला सापडलं तेव्हा तिनं दुसरं काही बघितलंच नाही.

"पन ताई, त्यात मी एक केलं. रागावू नका. फोन जाते, पन मानसाची बांधी भरली का नाही, ते आपल्याले समजत नाही ना? म्हणून मी मिस कॉल ठेवला. बांधी भरली का मिस कॉल द्यायचा, का पुढच्याले नंबर जाते. पैसे बी नाही लागत. ते तुमच्याले पाठवून राह्यली. तुमच्या लायसनमध्ये लिवलं आहे ना, का बदल उघडा ठेवा."

चेतना काउंटरवरच बसली, खुर्चीवर नाही. दुपट्ट्याची खूण! जी तिला सुचली नव्हती, जी फोन आल्यापासून गावातून निघून गेली होती, ती खूण सालेकशाच्या एका पोरीनं मिस कॉलमध्ये आणून घातली होती. आणि मागायच्या आधी परत पाठवली होती. चेतनाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. समोर उत्पन्नाच्या दाखल्याला आलेला माणूस घाबरून म्हणाला, "माहं होईन ना बाई काम?"

त्या मिस कॉलनं हवा फिरवली. जंगलाकडची गावं एकेक करून 'तुडुम दोन' लावू लागली. बालाघाटकडच्या कुणीतरी पोवारी बोली घातली, तीही परत आली. छत्तीसगडच्या हद्दीवरच्या एका गावानं छत्तीसगढी बाईचा आवाज घातला आणि तलावाच्या पाण्याची पातळी बघायचं एक साधन जोडून दिलं. दर वेळी नवं काही आलं की सगळ्यांकडे जायचं, चेतनाच्या गावातही. जी गावं कंपनीचं ॲप वापरत होती ती आता कंपनीला विचारू लागली, "मिस कॉल काऊन नाई तुमच्यात?"

सैल सोडलेला तो छोटा तुकडासुद्धा हिंडत होता. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये धानाच्या ट्रकना नंबर पुकारायला तो लावला होता. कुणी चेतनाला कळवलं नव्हतं. धर्मेंद्रच्या दुकानावर थांबलेल्या एका ड्रायव्हरच्या बोलण्यातून ते कळलं. तिला त्याचा तितकाच आनंद झाला. परे लागले की झालं.

पुढच्या वैशाखात हेमेंद्र आला. या वेळी ढाब्यावर नाही, घरी. सोबत गोंदियाची मिठाई होती, म्हणजे बातमी मोठी होती.

"हात टेकले आमच्या साहेबांनी," तो ओसरीवर बसत म्हणाला. "वकिलाला बाजूला बसवलं. मी म्हटलं, साहेब, आपण कोड कुठं विकतो? आपण बसवून देतो, बिघडलं तर रात्री-बेरात्री माणूस पाठवतो, लोक त्याचे पैसे देतात. मिस कॉल आपण नव्यानं लिहायचं, सिमवालं नव्यानं लिहायचं, बोली नव्यानं घालायच्या, तोपर्यंत सगळी गावं चेतनाच्या तुडुमवर गेली असतील. त्यापेक्षा आपणच ते घेऊ."

"घ्या ना. मी कधी नाही म्हटलं?" चेतना म्हणाली.

"हां, पण घेतलं तर आपला बी भाग त्यात जोडून उघडा करावा लागते." हेमेंद्रनं लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे वळवला. "हा घे. पावसाचा हिशेब. सगळाच्या सगळा, मातीच्या मोजमापासकट. तुझाच परवाना लावून आणला. आता कोणाच्याही गावाला, फुकट."

चेतना बघत राहिली. ज्याच्यासाठी तिनं कोहमाऱ्याला हात पसरला होता, जो दोनदा लिहून तिला जमला नव्हता, तो स्वतःच्या पायानं घरी आला होता. आणि तिच्या एका गावासाठी नुसत्या शब्दावर आलेला नव्हता, सगळ्यांसाठी आला होता.

"जिंकलीस यार," हेमेंद्र म्हणाला. मोकळ्या मनानं म्हणाला.

"पाट उपसायचा दिवस पुढच्या हप्त्यात आहे," आतून पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांना लॅपटॉपातलं काही कळलं नव्हतं, पण मिठाई कशाची ते कळलं होतं. "येजो मंग. फावडा आपल्या घरी आहे."

आणि हेमेंद्र आला. नागपूरच्या बुटांत पाटात उतरला आणि तासाभरात बूट काढून बाजूला ठेवले.

एकच काम उरलं होतं. पावसाच्या भागाला आवाज हवा होता. हेमेंद्रनं त्या गुळगुळीत बाईचा आणला होता, तो ऐकून पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. "आपल्या गावात असं कोन बोलते वो?" त्यांचा घसा आता बराच गेला होता. तरी शटर ओढून त्या माइकपुढं बसल्या, पाणी प्यायल्या आणि एका दमात म्हणाल्या, "पानी येऊन राह्यला. आज नंबर नाई. घरी बसा, पान्याले ठेवा."

शेवटचे दोन शब्द कुणी सांगितले नव्हते. चेतनानं ते तसेच ठेवले.

त्या वर्षी आश्विनात, धानाची लोंबी निसवायच्या आधी, वरच्या अंगाला चांगला पाऊस झाला. गावभर फोन वाजले. घरी बसा, पान्याले ठेवा. मनिरामनं तुडुम बंद ठेवलं. तलावातलं पाणी तलावातच राहिलं. पुढं ऊन पडलं, बांध्या सुकू लागल्या आणि नंबर पुन्हा सुरू झाले. एकेक मिस कॉल येत गेला, नंबर खाली सरकत गेला, आणि एका सकाळी दुलीचंदचा नंबर आला.

पुष्पाबाई त्या दिवशी कुणाचं न ऐकता काठी टेकत पाळीवर चढल्या. चेतना मागं होती. खाली मनिरामनं तुडुम उघडलं, पाणी पाटात धडधडत निघालं. जुन्या सवयीनं पुष्पाबाईंनी पदर खोचला, छातीत वारा भरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात चेतनाच्या हातातल्या, गावाला हाका देणाऱ्या फोनवर त्यांचाच आवाज वाजला, बसलेल्या घशाच्या आधीचा, भरदार. दुलीचंदभाऊ, नंबर आला. पानी सोडलं. बांधी फोडा.

पुष्पाबाईंनी तोंड मिटलं. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

बराच वेळ काही नव्हतं. मग चेतनाच्या फोनवर दुलीचंदचा मिस कॉल आला. बांधी भरली होती. काम तिथंच संपलं होतं. कॉम्प्युटरनं नंबरांची यादी मिटवलीही.

"चला आई, ऊन झालं."

"थांब ना वो."

लांब, शेवटच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर दुलीचंद दिसत होता. फोन खिशात ठेवून तो पाळीकडे वळला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डोक्यावर हवेत फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

पुष्पाबाईंनी हात वर केला. मग पदर सोडला आणि सावकाश खाली उतरू लागल्या.